लाल गाडी आणि साळवे बाईंचे रविवार

जुनी गाडी ताब्यात आली की मी पहिल्यांदा सीटखाली हात घालतो. काहीतरी सापडतंच! तुटका कंगवा, लग्नपत्रिका, लहान पोराचा एका पायाचा बूट. मालक म्हणतो, "टाकून द्या शेठ." गाडी पुढच्या घरी जाते, बूट माझ्या दुकानात राहतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. गाड्या गेल्या, माणसं गेली, आणि त्यांची वाक्यं माझ्याकडं साठून राहिली. पूर्वी घरी गेल्यावर बायकोला, मंगलला सांगायचो. ती ऐकता ऐकता भाकऱ्या थापायची आणि नेमकी शेवटच्या वाक्याला हसायची. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. चहा मागवलाय, बसा निवांत.

माझं दुकान नगरला, स्टेशनच्या रस्त्याला. पाटीवर आता अहिल्यानगर रंगवून घेतलंय, पण तोंडात अजून नगरच येतं. शिक्षण सातवी, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. सीट कव्हर विकता विकता जुन्या गाड्या जुळवायला लागलो. ह्याची गाडी त्याला, मध्ये मी. घेणाऱ्याकडं रोख नसते, मग कर्ज आलंच. नव्या गाडीचं बरं असतं, शोरूममध्ये कर्जवाला खुर्ची टाकूनच बसलेला असतो. पण दोन घरांतल्या जुन्या गाडीच्या व्यवहाराला कोणी पटकन उभं राहत नाही.

त्यासाठी आमचं त्रिकूट आहे. एक मी. दुसरे पठाणभाई, जुन्या गाडीला हात लावून तिची खरी किंमत सांगणारे. त्यांच्या रिपोर्टशिवाय कर्ज पुढं सरकत नाही. तिसरे गंधे साहेब, इथल्याच एका पतसंस्थेतले कर्ज अधिकारी. माणूस एकदम मऊ, पण नियम निघाला की कडक पापड!

*

आमच्याकडं जुनी गाडी बघायला कोणी एकटं येत नाही. जीप भरून येतात. त्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. एकजण बॉनेट उघडतो, एकजण गाडीखाली झोपतो, एकजण टायरला लाथ मारतो. एकाला फक्त नाक मुरडायला आणलेलं असतं: "रंग मारलेला दिसतोय!" आणि एक म्हातारा असतो, तो सगळ्यांच्या शेवटी म्हणतो, "चला, घरी जाऊन इचार करू."

भाव पाडायला हे लागतंच. पण नुसतं तेवढ्यासाठी नसतं ते. मोठी वस्तू घेताना आपली माणसं मागं उभी असली की बरं वाटतं.

एकदा शेवगावच्या बाजूची अशीच जीप आली. सकाळपासून दुपारपर्यंत गाडी बघितली. बॉनेट झालं, टायर झाले, म्हाताऱ्याचा विचारही करून झाला. चहा तर किती झाला, टपरीवालाच विचारायला लागला की लग्न आहे का! शेवटी भाव पटला. मी हात पुढं केला. म्हटलं, "ठरलं मग! तुमच्यातलं घेणार कोण?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. म्हातारा म्हणाला,

"त्यो न्हाई आला. त्याला काम हुतं!"

*

जुन्या गाडीचा मालक दोनच वाक्यं बोलतो. "घरच्यासारखी सांभाळलीय" आणि "डॉक्टरांची गाडी आहे". डॉक्टरांची म्हणजे स्वच्छ, शांतपणे चालवलेली, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली. म्हणून जो तो डॉक्टरांची म्हणतो. एवढे डॉक्टर जिल्ह्यात असते तर कोणी आजारीच पडलं नसतं!

एकाने अशीच गाडी आणली. आत अत्तराचा असा वास, की पठाणभाईंनी आधी चारी दारं उघडली. मग मागच्या सीटच्या फटीत दोन बोटं घातली आणि मूठभर कडब्याचा चुरा बाहेर काढला.

"डॉक्टरांची गाडी ना?"

"व्हय की!"

"कसले डॉक्टर?"

मालकाचा आवाज खाली आला. "गुरांचे."

पठाणभाई म्हणाले, "मग पेशंटला मागं कशाला बसवत होते?"

*

गंधे साहेबांचा लाडका नियम म्हणजे वय. कर्ज फिटेपर्यंत गाडी पंधरा वर्षांच्या आत पाहिजे. त्याच्या पुढं गेली तर नाही म्हणजे नाही.

अकोल्याचा, म्हणजे आपल्या डोंगरातल्या अकोल्याचा, एक जण जुनी जीप घेत होता. साहेबांनी वयाचा नियम सांगितला. गडी ऐकेना.

"साहेब, ही घाट चडती. तुमची नवी न्हाई चडायची!"

"चढण्याचा प्रश्न नाही हो. वयाचा आहे. म्हाताऱ्या गाडीवर संस्थेचा भरवसा नसतो."

"बरं. तुमी रिटायर कवा?"

"पुढच्या वर्षी."

"आन् तरी संस्थेनं तुमाला खुर्ची दिलीया!"

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कर्ज मात्र नाहीच दिलं.

*

आणि दुसरा नियम जामीनदाराचा. तुम्ही हप्ता थकवला तर तुमच्या वतीने भरणारा माणूस. हा शब्द निघाला की भल्याभल्यांची दोस्ती पातळ होते. कोणाचा हात दुखतो, कोणाचं आधार कार्ड गावी राहतं.

पारनेरच्या बाजूचा एक तरुण होता. सगळं व्यवस्थित होतं, जामीनदार तेवढा मिळेना. साहेबांनी त्याच्या गावात चक्कर मारली, तर वेशीतच ह्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स! मध्ये हा गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांची डोकीच डोकी. मुंगी शिरायला जागा नाही.

साहेब खूश झाले. त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "अरे वेड्या, जामीनदार नाही म्हणतोस? ह्यातला कोणीही आण, चालेल!"

तो फ्लेक्सकडं बघत राहिला. मग म्हणाला,

"साहेब, ते फक्त फोटोला येत्यात."



*

गेल्या वर्षी दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी एक बाई दुकानात आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात मिटलेली छत्री. पठाणभाई होते, गंधे साहेबही चहाला टेकले होते. आम्ही तिघांनीही बाईंच्या मागं रस्त्याकडं बघितलं. रिक्षातून आणखी कोणी उतरतंय का!

मी म्हटलं, "बसा ना. बाकीची माणसं येतायत ना?"

"कोणती माणसं?"

"गाडी बघायला आलेली, तुमची."

"मीच आलेय," बाई म्हणाल्या. "का, एकटीला दाखवत नाही?"

ह्या साळवे बाई. प्राथमिक शाळेतून निवृत्त. राहुरी रस्त्याला आत एका गावात राहतात. त्यांचे मिस्टर, साळवे सर, आजारात गेले, त्या आजारातच शिल्लकही गेली. मूलबाळ नाही. पेन्शन तेवढी आहे.

बाई पेटी वाजवतात. दर रविवारी पेटी घेऊन आसपासच्या तीन गावांतल्या चर्चमध्ये जायचं आणि उपासनेला लोकांकडून गाणी म्हणून घ्यायची, हे त्यांचं सर असल्यापासूनचं काम. सकाळची एसटी होती तोवर जमलं. मग ती बंद झाली. वडाप जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रविवारी ती भरत नाही. एक-दोनदा उशीर झाला. पुढच्या वेळी पोचल्या तर आत गाणं सुरूच! कोणीतरी मोबाईल जोडून ब्लूटूथ स्पीकरवर लावलेलं. तिथले तरुण पाळकसाहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, तुम्ही आता कशाला एवढी दगदग करता? नाताळपर्यंत बघू. नाहीतर हे बरं आहे."

"स्पीकर वाईट नाही हो," बाई आम्हाला म्हणाल्या. "फक्त लोक गाताना मागं पडले तर तो थांबत नाही."

पठाणभाईंनी विचारलं, "घरचं कोणी नाही सोडायला?"

"मुंबईला भाचा आहे. तो म्हणाला, मावशी, ॲपवरून गाडी बोलवायची, आहे काय त्यात! मी बोलवली. नकाशावर दिसत होती गाडी."

"मग?"

"पुण्यात होती!"

आम्ही हसलो, बाईही हसल्या. मग छत्री मांडीवर आडवी ठेवून म्हणाल्या, "हे बघा, आठवडाभर माझ्याशी कोणी बोललं नाही तरी मला चालतं. रविवार तेवढे मला पाहिजेत. नाताळच्या आत गाडी मिळेल का, एवढंच सांगा."

*

बाईंना गाडी चालवता येते का, हा प्रश्न विचारायला आम्ही तिघंही घाबरत होतो. शेवटी साहेबांनी हळूच लायसन्स मागितलं. बाईंनी कोरं करकरीत काढून दिलं!

शिकल्या कशा, त्याचीही गंमतच. ड्रायव्हिंग स्कूलवाला निघाला बाईंचा जुना विद्यार्थी. पहिल्या दिवशी पाया पडला आणि मग शेजारी हाताची घडी घालून बसला, वर्गात बसल्यासारखा. बाईंनी चुकीचा गिअर टाकला, तो म्हणाला, "बरोबर बाई." बाईंनी डावीकडचा दिवा लावून गाडी उजवीकडं वळवली, तो म्हणाला, "छान बाई." समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तरी हा गप्प!

बाईंनी गाडी कडेला घेतली. म्हणाल्या, "अरे, तुझं चुकलं की मी तुला छडी मारत होते ना?"

"हो बाई."

"मग माझं चुकलं तर तू निदान सांग तरी!"

*

बाईंच्या ऐपतीला आणि साहेबांच्या नियमाला, दोन्हीला बसेल अशी गाडी शोधायची होती. पठाणभाईंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "एकच आहे. तात्यांची लाल."

तसे आम्ही तिघंही कपाळाला हात लावून बसलो.

भगवानतात्या म्हणजे कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातलं खातंपितं माणूस. बायको वारलेली, मुलगा चाकणला कंपनीत, लेक सासरी सुरतेला. अंगणात छोटी लाल गाडी. एकाच हातची, कमी चाललेली, आरशासारखी पुसलेली. आणि तिच्या मागच्या काचेवर कागद: "गाडी विकणे आहे". तो कागद उन्हाने पिवळा पडला की तात्या नवा लावायचे. अशी किती वर्षं झाली!

मी किती गिऱ्हाइकं धाडली त्याला मोजदाद नाही. जाणाऱ्याचं स्वागत काय विचारता! गाद्या टाकलेल्या, भाजक्या शेंगा, गूळ, थंडीत हुरडा. मग तात्या स्वतः गाडी चालवून दाखवणार, गाव फिरवणार. आणि व्यवहाराला बसलं की काहीतरी निघणारच. कधी लेकीला विचारायचंय, कधी भाव एकदम वाढला, कधी दिवसच बरा नाही. साहेबांनी त्या गाडीवर इतक्यांदा कर्ज मंजूर करून रद्द केलं, की पतसंस्थेत तिला सगळे नंबरवरून ओळखायचे. तात्या तर पठाणभाईंना आपणहून फोन करायचे, "रिपोर्ट जुना झाला, येऊन एकदा बघून जावा!" विकणारा मालक आपल्या पैशाने गाडी पुन्हा पुन्हा तपासून घेतोय, हे आम्ही दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

मला आपलं वाटायचं, म्हातारा भावाला चिवट आहे. श्रीगोंद्याचं एक गिऱ्हाईक तिथून हात हलवत परत आलं. मी विचारलं, "काय झालं?"

पोटावरून हात फिरवत म्हणालं, "गाडी न्हाई मिळाली शेठ. पर मासवडी लई झकास हुती!"

*

तरी गेलो. मी आणि पठाणभाई, बाईंची माणसं म्हणून. साहेबांनी निघताना बजावलं होतं, "नवं वर्ष लागलं की ती गाडी माझ्या नियमातून बाद. मग मला सांगायला येऊ नका."

तात्या फाटकातच उभे. "या, या! आज लई बरं झालं!"

शेंगा झाल्या, चहा झाला. मग लाल गाडीतून गावाची चक्कर. तात्या चालवत होते, बाई शेजारी, आम्ही मागं. ही विहीर, ही शाळा, हे मारुतीचं देऊळ. एका लिंबाखाली गाडी हळू झाली. "हितं आमची मंडळी डबा घिऊन बसायची," तात्या म्हणाले, आणि गिअर टाकला.

परत आल्यावर मी मुद्द्यावर आलो. तात्यांनी आभाळाकडं बघितलं. "आज नगं. आज अमुशा हाय."

पठाणभाईंनी मोबाईल काढला. "तात्या, अमावस्या परवाच झाली!"

"मंग? तिचा जोर असतोय की दोन-तीन दिस!"

येताना गाडीत बाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, दुसरी बघू. हा माणूस विकणारा नाही."

बाई म्हणाल्या, "माहितीये. त्यांनी कपाटातले सगळे कप बाहेर काढले होते, बघितलंत ना? चारच माणसं होतो आपण."

मी इतकी वर्षं त्या घरी जातोय. मी फक्त गाडी बघितली होती.

*

पुढच्या आठवड्यात बाई आम्हाला न सांगता एकट्याच गेल्या. दोन एसट्या बदलून. तात्यांनी पुन्हा शेंगा काढल्या. तिथं काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांचंही जुळलं, म्हणून खरं समजतो.

तात्या म्हणाले, "पेटी वाजवता म्हनं तुमी. मंग आनायची की संगं! आमच्या हितं भजन बंदच झालंय. पेटी वाजवणारा गेला."

बाई म्हणाल्या, "दोन एसट्यांत पेटी मांडीवर घेऊन कशी येणार तात्या? गाडी असती तर आणली असती."

तात्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग म्हणाले,

"बाई, तुमी शाळंत लई मारकुट्या असनार!"

"होतेच," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मला तात्यांचा फोन. "शेठ, बाईला गाडी द्यायची. भाव तुमी म्हनाल त्यो."

मी खुर्चीवरून उठूनच उभा राहिलो!

"पर एक हाय," तात्या म्हणाले. "कागदाला मला नगरला यावं लागंल ना? मंग समदं येका दिसात उरकू नका. दोन-तीनदा बोलवा."

*

गाडी ठरली, तर जामीनदार अडला. बाईंच्या बरोबरच्या शिक्षिका सगळ्या पेन्शनर, आणि पेन्शनरला पेन्शनर जामीन चालत नाही. भाच्याचा फोन नुसता वाजत होता. बाईंना कळेना कुणाला विचारावं. नाताळ तर तोंडावर आलेला.

मी म्हटलं, "मी करतो सही." साहेब म्हणाले, "एजंट चालत नाही." पठाणभाई पुढं झाले. "किंमत ठरवणारा चालत नाही." मग साहेब स्वतःच चष्मा काढून म्हणाले, "मी केली असती. पण नोकर तर मुळीच चालत नाही." एवढ्या दिवसांत बाईंनी जोडलेली माणसं म्हणजे आम्ही तिघं, आणि तिघंही नियमात बाद!

तात्या तिथंच पतसंस्थेत कोपऱ्यात बशीतून चहा पीत होते. कागदासाठीची त्यांची तिसरी खेप. बशी खाली ठेवून म्हणाले, "मी चालतो का?"

"तात्या, तुम्ही गाडी विकताय!"

"व्हय. पर संस्थेचा सभासद हाय की मी. बापाच्या येळंपासून."

साहेबांनी नियमांचं पुस्तक वरपासून खालपर्यंत वाचलं. वरच्या साहेबांकडं जाऊन आले. घाम पुसत म्हणाले, "विकणाऱ्याने जामीन राहू नये असं कुठंच लिहिलेलं नाही. असं कोणी करेल, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार!"

मग त्यांनी कर्तव्य म्हणून तात्यांना समोर बसवलं. "नीट ऐका. बाईंचा हप्ता थकला तर आधी तुम्हाला नोटीस येणार."

"येऊ द्या."

"तरी नाही भरला, तर वसुलीची माणसं तुमच्या दारात येतील."

"किती जण?"

साहेब गोंधळले. "दोघं... तिघं."

"लगेच जात्यात, का बसत्यात?"

"बसतात की! वेळ पडली तर दिवसभर बसतात!"

तात्यांनी खिशातून चष्मा काढला.

"सही कुठं करू?"

*

गाडी न्यायच्या दिवशी बाई पेटी घेऊन आल्या, जाताना गाडी असणार होती म्हणून. तात्यांनी चाकापुढं नारळ फोडला. बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला, लेकराला लावावा तसा. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. मागच्या काचेवरचा कागद तात्यांनी आधीच काढून घेतला होता.

सोबतीला पठाणभाई पुढच्या सीटवर बसले होते. राहुरीपर्यंत! दुसऱ्या दिवशी दुकानात आले. मी विचारलं, "कशा चालवतात बाई?"

म्हणाले, "शेठ, एवढी वर्षं पाच वेळा नमाज पढतोय. काल वाटेत कितीदा पढलो, मोजलं नाही!"

नाताळच्या दुपारी बाईंचा फोन आला. मागं लोकांचा गलका. "शेठ, तिन्ही गावं झाली!"

"स्पीकर?"

"होता कोपऱ्यात. दुसऱ्या गावात लोक मागं पडले. मी थांबले. मग आले बरोबर."

*

रविवारी आरटीओ बंद, पतसंस्था बंद. जुन्या गाडीच्या धंद्यात रविवारी दुकान उघडण्यात काही अर्थ नाही. मी उघडतो. घरी भिंतीकडं बघण्यापेक्षा रस्त्याकडं बघितलेलं बरं.

परवाच्या रविवारी असाच बसलो होतो. उन्हं तापलेली, रस्त्यावर कुत्रं नाही. फोन वाजला. तात्या.

"शेठ, जेवला का?"

"जेवलो तात्या. तुम्ही?"

"व्हय, झालं." मग म्हणाले, "लाल गाडी बरी हाय ना?"

"एकदम! परवाच पठाणभाईंनी ऑइल बदललं."

"बाई म्हनल्या हुत्या पेटी घिऊन येते."

"येतील तात्या. रविवार त्यांचे तीन गावांत जातात. चौथ्या गावचंही बोलावणं आलंय म्हणे."

"ते बी खरं हाय."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, फोन ठेवतील. तर म्हणाले,

"हप्ता भरत्यात का?"

मला वाटलं, जामीनदार माणूस, काळजी लागली असणार. म्हटलं, "तात्या, तुम्ही निर्धास्त राहा! साहेब सांगत होते, सगळ्या संस्थेत असं खातं नाही. तारखेच्या आदल्या दिवशीच पैसे जमा!"

"दर म्हैन्याला?"

"दर महिन्याला."

"येकदा बी न्हाई चुकल्या?"

"एकदाही नाही!"

पंखा फिरत राहिला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग तात्या अगदी हळू म्हणाले, "शेठ, बाईला तेवढं सांगा. इतकी वढाताण करू नगा म्हनावं. येखादा ऱ्हायला तरी चालंल..."

"असं कसं तात्या?"

"मी हाय ना जामीन!"